बाटलीतला मेश्राम, खुर्चीतला मेश्राम

कुठल्याही लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक रिकाम्या बाटल्या, दुसरे किस्से. बाटल्या महिन्याकाठी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, ते रिटायर झालेल्या माणसाच्या गळ्यात पडतात.

मी जन्मभर नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट लिहायचा. आता संध्याकाळी आम्ही चार रिटायर मंडळी बाकावर बसतो आणि एकमेकांना नोकरीतले किस्से सांगतो. बाकीचे सगळे आपापल्या किश्श्यांत हिरो असतात. बँकवाल्याने दरोडेखोर ओळखला होता, रेल्वेवाल्याने गाडी वाचवली होती. माझ्या किश्श्यांत मी बहुतेक वेळा मूर्ख असतो. म्हणूनच माझ्या किश्श्यांना जास्त मागणी आहे!

हे सगळे किस्से ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हाचे. एड्स हा शब्द पेपरात नवा होता आणि लोक तो हळू आवाजात उच्चारायचे, जणू जोरात बोललं तर होईल. आमच्या लॅबचे साहेब होते डॉ. काणे, मूळ पुण्याचे. त्यांचं बोलणं शुद्ध आणि टोचणं त्याहून शुद्ध. सीनियर टेक्निशियन मंदाताई पराते, महाल भागातल्या विणकर घरातल्या. घरातला हातमाग बंद पडला तरी बोटांतली सफाई त्यांनी नोकरीत आणली होती, आणि जिभेची धारही. तिसरा मी.

*

एचआयव्ही तपासायची एलायझा नावाची टेस्ट आमच्याकडे सुरू व्हायची होती. मशीन आलं, परदेशातून थर्माकोलच्या खोक्यात किट आले, आणि सरांनी मीटिंग बोलावली. प्रश्न एकच होता, हे काम करणार कोण? त्या काळी या रोगाची एवढी भीती होती की मशीनचं खोकं उचलून आणणाऱ्या हमालानेही जाताना हात धुतले होते.

एप्रिलचा महिना, लाइट गेलेली, मीटिंगमध्ये सगळे घामाघूम. माझ्या हाताला समोरचं एक जाड पुस्तक लागलं. मी ते उचललं आणि वारा घ्यायला लागलो.

"मेश्राम," सर म्हणाले, "मॅन्युअल तुम्ही आधीच वाचायला घेतलेलं दिसतंय."

मी पुस्तकाकडे बघितलं. खरंच मॅन्युअल होतं.

"हो सर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"उत्तम. मग प्रश्नच मिटला!"

अशा रीतीने नागपुरातल्या पहिल्यावहिल्या एड्सच्या टेस्ट करणाऱ्यांत माझा नंबर लागला. विज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती, फक्त उकडत होतं.

*

बातमी दवाखान्याबाहेर जायला वेळ लागला नाही. गेटसमोर आमचा नेहमीचा चहावाला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने माझा चहा वेगळ्या कपात दिला. कप चांगला होता, नवा होता, त्यावर गुलाबाचं फूलसुद्धा होतं. पण चहा झाल्यावर त्याने तो स्वतः उचलला नाही. "तिकडे कोपऱ्यात ठेवा जी, तुमचाच हाय तो," म्हणाला.

मला राग आला, पण मी तसा भित्रा माणूस. कप कोपऱ्यात ठेवला. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा मिलमध्ये जन्म घालवलेले, छप्पन साली दीक्षा घेतलेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"तो वेगळा कप सोडवाले आमच्या पिढ्या गेल्या गा," ते म्हणाले, "अन् तू सरकारी नोकरी करून तो वापस घेऊन आला!"

दुसऱ्या दिवसापासून मी चहा सोडला. म्हणजे त्या चहावाल्याचा सोडला. दोनशे पावलं पुढे जाऊन दुसऱ्याकडे प्यायला लागलो आणि त्याला मी दवाखान्यात क्लार्क आहे असं सांगितलं.

*

आता ही टेस्ट कशी असते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा नीट कळेल. प्लॅस्टिकची एक प्लेट असते, तिला छोटे छोटे खळगे. एकेका खळग्यात एकेका पेशंटचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर येतं ते पिवळसर पाणी, टाकायचं. मग एक औषध, मग धुवायचं, मग दुसरं औषध, पुन्हा धुवायचं, शेवटी रंगाचं औषध. खळगा पिवळा झाला तर पॉझिटिव्ह, कोरा राहिला तर निगेटिव्ह.

मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, प्लेट 'रूम टेम्परेचर'ला ठेवा. पहिली प्लेट लावली तेव्हा मे महिना लागला होता. सर पुण्याचे असल्यामुळे त्यांना प्रत्येक शब्दाचा अर्थ नक्की लागायचा. त्यांनी मुंबईला किटवाल्या कंपनीच्या माणसाला ट्रंक कॉल लावला.

"रूम टेम्परेचर म्हणजे नक्की किती?"

तिकडून उत्तर आलं, "सर, आपल्या खोलीत नॉर्मली जे असतं ते. वीस ते पंचवीस."

"अहो, आमच्या खोलीत आत्ता चव्वेचाळीस आहे!"

सरांना वाटलं लाइन कट झाली. मग हळूच आवाज आला, "सर, मग तुम्ही खोलीत काय करताय?"

शेवटी लॅबमधला एकुलता एक कूलर प्लेटसमोर लावला. वाळ्याच्या गार वाऱ्यात प्लेट आरामात बसायची आणि आम्ही तिघं कोपऱ्यात पुठ्ठ्याने वारा घ्यायचो.

*

त्याच महिन्यातली गोष्ट. एक दिवस मी प्लेट लावली आणि शेवटचं रंगाचं औषध टाकलं. बघतो तर पहिला खळगा पिवळा. दुसरा पिवळा. तिसरा पिवळा. बघता बघता सगळी प्लेट हळदीच्या कार्यक्रमासारखी पिवळी धमक! रक्तदात्यांचे सगळे नमुने त्यात होते. मी धावत सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, अख्खं नागपूर पॉझिटिव्ह आहे!"

सर सावकाश उठले, प्लेटपाशी आले, चष्मा पुसला. "हा शेवटचा खळगा कोणाचा?"

"कोणाचाच नाही सर. एक खळगा रिकामा राहिला होता, त्यात सीरमऐवजी डिस्टिल्ड वॉटर टाकलं होतं."

"म्हणजे पाण्यालासुद्धा झालाय," सर म्हणाले. "पाण्याच्या नातेवाइकांना तुम्ही कळवता की मी कळवू?"

तोवर मंदाताई आल्या होत्या. त्यांनी प्लेट उचलून उजेडात धरली. सगळा घोटाळा धुण्यात होता. या टेस्टमध्ये मधलं औषध नीट धुतलं गेलं नाही की ते खळग्यात चिकटून राहतं आणि काहीही असो, रंग येतोच. मी जेवायच्या घाईत पाण्याचा हात फिरवून मोकळा झालो होतो.

"मेश्राम," त्यांनी विचारलं, "घरी कधी भांडे घासले का जी?"

"नाही ताई."

"दिसूनच राहिलं!"

त्यानंतर त्यांनी मला प्लेट धुवायला शिकवली, आणि भांडीही. आजही घरची भांडी मीच घासतो आणि त्यात एकही खळगा सुटत नाही.

*

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नर्सिंगच्या मुलींची एक बॅच आमच्या लॅबमध्ये आली. डिस्पोझेबल सुया नुकत्याच यायला लागल्या होत्या आणि त्या कशा हाताळायच्या यावर भाषण द्यायचं काम सरांनी मला दिलं. तोवर या टेस्टमुळे माझी थोडी पत वाढली होती. शिवाय माझं लग्न ठरलं होतं, वैशाख पौर्णिमेला. अशा माणसाच्या अंगात जरा जास्तच उत्साह असतो.

समोरच्या स्टुलावर एक ट्रक ड्रायव्हर बसला होता. त्याचं रक्त मी नुकतंच काढलं होतं आणि तो दंडावर कापूस दाबून माझं भाषण ऐकत होता. मी ट्रेमधली त्याचीच सुई उचलली.

"मुलींनो, एक लक्षात ठेवा. वापरलेल्या सुईला कधीही परत टोपण लावायचं नाही. लावायला गेलं की काय होतं? बघा इकडे."

आणि मी टोपण लावायला गेलो. सुई टोपणात न जाता सरळ माझ्या डाव्या हाताच्या बोटात गेली. रक्ताचा थेंब टपकन टेबलावर पडला.

सगळ्या मुली वहीत भराभर लिहून घेत होत्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, हे असंच झालं पाहिजे का?"

मी हसलो. बोट धुतलं, स्पिरिट लावलं आणि भाषण पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी प्लेट लावली. ड्रायव्हरचा खळगा पिवळा आला. परत लावली. परत पिवळा. त्या वेळी प्लेट मी अगदी नीट धुतली होती.

तेव्हा मला जी भीती वाटली तिच्याबद्दल चेष्टा करायचं अजूनही मला जमत नाही. त्या काळी या रोगावर औषध नव्हतं. हातात एक बोट, बोटाला एक टोचा, आणि लग्नाचा हॉल बुक झालेला.

*

मी लगेच स्वतःचं रक्त काढलं आणि पुढच्या प्लेटमध्ये लावलं. माझा खळगा कोरा, पांढरा शुभ्र! निगेटिव्ह! मी जागच्या जागी दोन उड्या मारल्या, सायकल काढली आणि बर्डीच्या बाजारातून संत्रा बर्फीचा मोठा डबा घेऊन आलो. सरांना दिली, मंदाताईंना दिली, बाहेरच्या वॉचमनलासुद्धा दिली.

सरांनी तुकडा तोंडात टाकला. "कशाबद्दल?"

"सर, माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला!"

सर चावता चावता थांबले. "सुई कधी टोचली?"

"परवा."

"अहो मेश्राम, तुम्ही वर्षभर ही टेस्ट करताय. ही टेस्ट चोर पकडते का? ती पंचनामा वाचते. चोर घरात शिरला तर शरीर आधी जागं होणार, मग त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करणार, तेव्हा कुठे पंचनामा तयार होणार. त्याला आठवडे लागतात. नवीन इन्फेक्शन असेल तर आज त्याचं नावनिशाण दिसणार नाही. तुमचा आजचा रिपोर्ट एवढंच सांगतो की परवापर्यंत तुम्ही ठीक होतात."

"मग खरं कधी कळणार?"

"तीन महिन्यांनी."

मी डबा हातात धरून उभा. जी गोष्ट मी रोज पेशंटना सांगत होतो ती स्वतःच्या वेळी माझ्या डोक्यात शिरलीच नव्हती. सरांनाही माझी दया आली असावी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने डब्यातला आणखी एक तुकडा उचलला.

"बर्फी मात्र छान आहे," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी पुन्हा आणा."

*

आमच्या लॅबमध्ये एक जुनी रीत होती. कुठलीही टेस्ट लावली की तिच्यासोबत एका निरोगी माणसाचं सीरम लावायचं, म्हणजे टेस्ट बरोबर चाललीय की नाही ते कळतं. किटमधलं असलं सीरम थोडंसंच यायचं, म्हणून आम्ही लॅबमधल्याच माणसाचं वापरायचो. सगळ्यांची तपासणी होऊन माझी निवड झाली होती. साखर मधोमध, कावीळ नाही, काही म्हणता काही नाही. फ्रीजमध्ये एका बाटलीत माझं सीरम असायचं आणि तिच्यावर मंदाताईंच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, 'मेश्राम, नॉर्मल'. मला त्याचा भारी अभिमान होता. अख्ख्या शहराचं रक्त माझ्याशी ताडून बघितलं जातं, ही काय लहान गोष्ट आहे?

सुई टोचल्यानंतरच्या आठवड्यात बाटली संपत आली. मी सवयीने बाही वर केली आणि मंदाताईंसमोर बसलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फ्रीजकडे. "राहू द्या जी. मागची एक बाटली आहे अजून, हिवाळ्यात काढलेली. तेच पुरवून पुरवून वापरू."

"पण ताई, मी समोर बसलोय ना!"

"बाटलीतला मेश्राम चालते," त्या म्हणाल्या. "खुर्चीतल्याचं काही सांगता नाही येत!"

त्या बरोबर होत्या. हिवाळ्यातल्या मेश्रामला काही झालेलं नव्हतं, उन्हाळ्यातल्याची गॅरंटी नव्हती. पण स्वतःच्याच सीरमचा हेवा वाटलेला माणूस तुम्ही कधी बघितलाय का? मी रोज फ्रीज उघडून त्या बाटलीकडे बघायचो. ती गारव्यात निवांत पडलेली असायची. तिचं लग्नही पुढे ढकलायचं नव्हतं.

*

माझं मात्र ढकलायचं होतं. मुलगी सुजाता, कळमेश्वरच्या शाळेत शिक्षिका. तिचे वडील गजभिये मास्तर, बाबांचे जुने मित्र. तीन महिने थांबायचं तर मास्तरांना काहीतरी कारण सांगायला हवं. खरं सांगायची हिंमत नव्हती. रात्रभर विचार करून मी एक कारण तयार केलं, शेजारच्या बिऱ्हाडात ऐकलेलं, आणि मास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"काका, लग्न जरा पुढे ढकलावं म्हणतो. सध्या माझा शनी वक्री आहे."

मास्तर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा खाली ठेवला.

"काय गा? तुया बाप अन् मी एकाच रांगेत उभं राहून दीक्षा घेतली. पंचांग त्याच दिवशी सोडलं. अन् तू लॅबमंदी मशीन चालवून राहिला, अन् मले शनी सांगते?"

मी म्हणालो, "तसं नाही काका, शनी म्हणजे... खरं म्हणजे ऑफिसचं ट्रेनिंग आहे. तीन महिन्यांचं."

"मंग तो शनी ट्रेनिंग देऊन राहिला का तुले?"

आतून बांगड्या वाजल्या आणि हसू दाबल्याचा आवाज आला. मास्तर मात्र हसले नाहीत. ते चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाले, "काही तरी लपवून राहिला तू. ठीक आहे, थांबू. पण पोरीले खरं काय ते सांग." मी मान डोलावली आणि चहा न पिता उठलो.

*

तो ड्रायव्हर रिपोर्ट घ्यायला आला. असा रिपोर्ट सर स्वतः सांगायचे, दार लावून. मी बाहेर बसलो होतो. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. त्याचा काय दोष? टोपण मी लावायला गेलो होतो. तरी राग आला होता.

दार उघडलं आणि तो बाहेर आला. चेहरा असा की बघवत नव्हता. मी खाली मान घालून काहीतरी लिहायला लागलो. तो माझ्या टेबलासमोर थांबला. मला वाटलं, आता हा भांडणार, नाहीतर रडणार.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी माया सुईनं तुमच्या बोटाले लागलं होतं. तुमाले काही झालं तर नाही ना?"

मी नुसतं बोट वर करून दाखवलं, बघ, बरं झालंय, म्हणून. तो बोटाकडे नीट बघून मगच गेला. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे, पण तो किस्सा नाही.

*

त्याच आठवड्यात मी सुजाताला सांगायचं ठरवलं. तिची शाळा सुटली की ती एसटीने नागपूरला यायची. मी स्टँडवर उभा राहिलो. ती उतरली तशी मी तिला कडेच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. सुई, ड्रायव्हर, खळगा. विषय कठीण म्हणून तिच्याच तिकिटाच्या मागे पेनाने चित्र काढलं. हा जंतू, ही अँटीबॉडी, हे आठवडे. माझं अर्ध्या तासाचं लेक्चर झालं. आयुष्यात एवढं चांगलं मी कधी शिकवलं नव्हतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमाले झालं का नाही, हे तुमालेच मालूम नाही?"

"नाही. जुलैमध्ये कळेल."

"अन् बाबाले तुमी शनी सांगितला?"

"हो."

"अन् घरी तुमच्या?"

"कोणालाच नाही. फक्त तुला. तू नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही," मी म्हणालो. हे साफ खोटं होतं.

तिने तिकीट हातात घेतलं. मग तिने जंतूवर बोट ठेवलं. "हे एवढं खराब चित्र तुमी पेशंटले बी दाखवता?" म्हणाली, तिकीट पर्समध्ये टाकलं आणि सिटी बस पकडून निघून गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्यानंतर तिचा ना निरोप, ना चिठ्ठी.

वैशाख पौर्णिमा आली आणि गेली. मी त्या दिवशी ड्यूटी लावून घेतली. शाळांना सुट्ट्या लागल्या, संपल्या. मंदाताई रोज माझ्या डब्यात आपल्या डब्यातली एक पोळी टाकायच्या आणि मी काही बोलायच्या आत, "जास्त झाली जी, फेकाची होती," असं म्हणायच्या. मला रोज वाटायचं की सुजाताने मनातल्या मनात उत्तर दिलेलं आहे आणि ते कळवायची तिला लाज वाटतेय.

*

जुलैत टेस्टचा दिवस आला. रिपोर्ट काय आला ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच श्वास रोखून बसाल. निगेटिव्ह आला. पण किस्सा तो नाही.

माझी प्लेट मला लावू द्यायला दोघांनीही साफ नकार दिला. "तुमच्या हातानं पाणी बी पॉझिटिव्ह येते," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी मला लॅबच्या बाहेर काढलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पेशंटच्या बाकावर बसलो. तो बाक एवढा टोचतो हे मला माहीतच नव्हतं. मी रोज त्या बाकावरच्या लोकांना काय सांगायचो? "बसा निवांत, वेळ लागतो." निवांत! माझ्या शेजारी नरखेडकडचा एक म्हातारा खोकल्याच्या तपासणीसाठी बसला होता. त्याने माझं पाय हलवणं थोडा वेळ बघितलं आणि मला धीर दिला, "भेऊ नका जी. ह्या लॅबमंदी एक मेश्राम म्हणून आहे, तो बरोबर करते." मी पाय हलवणं बंद केलं.

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला सुजाता दिसली. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, साडीला धूळ, काखेत एक जड गठ्ठा. ती सरळ येऊन माझ्या शेजारी बसली. म्हातारा सरकला.

"झालं का?" तिने विचारलं.

"प्लेट आत आहे. अजून तास लागेल."

तिने मान हलवली आणि काखेतला गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला. ओल्या शाईचा वास येत होता. मी एका बाजूने कागद फाडला आणि आतून एक बाहेर ओढली. लग्नाची पत्रिका. वर 'मंगल परिणय', खाली तिचं नाव, माझं नाव, पुढच्या महिन्यातला रविवार.

मी पत्रिका उलटूनपालटून बघितली. "हे कधी छापलं?"

"मागच्या हप्त्यात टाकली छापाले. आज भेटली."

"पण रिपोर्ट तर आज आहे!"

"मालूम आहे."

"आणि मास्तर?"

"त्याईले मी तवाच सांगितलं सगळं, ते चित्र दाखवून. पत्रिकेचं प्रूफ त्याईनंच तपासलं. थे काय, खाली स्कूटरपाशी उभे आहेत."

मी कठड्यावरून खाली बघितलं. गजभिये मास्तर झाडाखाली स्कूटर लावून उभे होते. त्यांनी मला बघितलं आणि लगेच आभाळाकडे बघायला लागले.

"सुजाता," मी म्हणालो, "आतून पॉझिटिव्ह आला तर?"

तिने माझ्या हातातली पत्रिका काढून घेतली, परत गठ्ठ्यात सरकवली आणि सुतळीची गाठ घट्ट केली.

"छापलेल्या पत्रिका तो प्रेसवाला वापस नाही घेत जी," ती म्हणाली.